बारावीतला विषय सोडताना

(मंडळाच्या गणेशोत्सवातील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपला बाप्पा चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती. बारावीच्या मुलाला त्यातले पाचच विषय द्यायचे असतात. पण घरातलं वातावरण असं असतं की जणू अठ्ठ्याहत्तरच्या अठ्ठ्याहत्तर याच फेब्रुवारीत विचारणार आहेत! म्हणून मंडळानं बोलायला सांगितलं तेव्हा विषय आम्हीच सुचवला. बारावीच्या मधोमध एखादा विषय सोडावा का, हा तो विषय.

तो आजच का, तेही सांगतो. गेली काही वर्षं याच दिवसांत, प्रसादाच्या रांगेत, कुणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारतं, ‘पोरगी म्हणते गणित सोडते. काय करावं?’ प्रश्न याच दिवसांत येतो याला कारण आहे. पहिल्या चाचणीचे पेपर हातात आलेले असतात, आणि सीबीएसईच्या शाळा बारावीच्या विद्यार्थ्यांची नावं आणि विषय बोर्डाकडे साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात पाठवतात. शाळेत त्याला एलओसी म्हणतात, म्हणजे उमेदवारांची यादी. ती एकदा गेली की विषयाची अदलाबदल फार अवघड. म्हणजे आरत्या चालू असतात आणि तिकडे यादी भरली जात असते.

आम्ही शिक्षणतज्ज्ञ नाही. राज्य सरकारच्या बांधकाम खात्यात उपयंत्री आहोत. दहावीनंतर पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला, आणि तेव्हापासून रस्ते, पुलिया आणि शाळांच्या खोल्या हेच आमचं जग. ‘आम्ही’ म्हणतो ते मोठेपणानं नाही. आम्ही दोघं, आमचे बाबा, जे आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झाले, आणि दोन मुलं, असं सगळं घर त्या ‘आम्ही’त आहे. हा प्रश्न आमच्या घरात दोनदा आला. एकदा मुलाच्या वेळी, एकदा मुलीच्या वेळी. विषय दोन्ही वेळा गणितच होता. उत्तरं मात्र दोन निघाली, आणि दोन्ही बरोबर निघाली. ते कसं झालं एवढंच सांगायचं आहे.

आमच्या कामात एक साधा नियम आहे. घरमालक म्हणतो, ‘साहेब, ही भिंत पाडा, हॉल मोठा होईल.’ आम्ही आधी वर बघतो. त्या भिंतीवर बीम किंवा स्लॅब टेकलाय का? टेकला असेल तर ती भार घेणारी भिंत आहे, तिला हात लावला तर वरचं खाली येईल. आणि नुसती आडभिंत असेल तर दोन मजूर दुपारपर्यंत काढून टाकतात, घराला काही होत नाही. दिसायला दोन्ही सारख्याच. प्लास्टर सारखं, रंग सारखा. बारावीच्या विषयांचंही तसंच आहे. सोडायच्या आधी वर काय टेकलंय ते बघायचं.

पहिली गोष्ट कागदाची. सीबीएसईत बारावीला पाच मुख्य विषय लागतात. सहावा विषय ऐच्छिक, जादा म्हणून घेता येतो. तुमच्या मुलाला सोडायचा असलेला विषय पाचातला आहे की सहावा आहे, हे आधी बघा. निम्म्या घरांत याच एका गोष्टीवर वाद मिटतो. सहावा असेल तर तो सोडल्यावर पाच उरतात, काम चालतं. पाचातला असेल तर तो नुसता सोडता येत नाही, त्याच्या जागी दुसरा हवा. आणि बारावीला जो विषय द्यायचा तो अकरावीत शिकून पास झालेला असावा लागतो. म्हणजे नवा विषय हवा असेल तर बहुतेक वेळा गाडी अकरावीच्या स्टेशनावर परत जाते. आपल्या मध्य प्रदेश मंडळाच्या शाळांत तर गणित समूह, जीवविज्ञान समूह असे गटच असतात, तिथं हा निर्णय अकरावीच्या प्रवेशालाच होऊन गेलेला असतो.

सहाव्या विषयाचा आणखी एक उपयोग लोकांना माहीत नसतो. तो स्टेपनीसारखा असतो. पाचातला एखादा वैकल्पिक विषय नापास झाला आणि सहावा पास असेल, तर बोर्डाच्या नियमांत बसत असेल तर सहावा त्याच्या जागी धरला जातो. म्हणून सहावा सोडणं सोपं असलं तरी फुकट नाही. स्टेपनी काढून ठेवली की डिकी रिकामी होते, गाडी हलकी होते, पण चारही टायर तपासून घ्यावे लागतात.

आता मुलाची गोष्ट. त्याचे विषय पाचच होते: इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि कम्प्युटर. सहावा नव्हता. बारावीच्या जुलैत पहिल्या चाचणीत गणितात चाळीसपैकी नऊ आले. त्यानं संध्याकाळी जेवताना सांगून टाकलं, ‘बाबा, मला गणित नको. मला इंजिनिअरिंगला जायचंच नाहीये. मी वकिली करणार.’

आजोबा ताटावरून उठले नाहीत, पण त्यांचा घास थांबला. गणिताच्या मास्तरांचा नातू गणित सोडतो म्हणजे काय, हे त्यांनी तोंडानं म्हटलं नाही, सगळ्यांना ऐकू मात्र आलं. त्याची आई म्हणाली, ‘आधी जेव. कागद-पेन जेवणानंतर.’ आमच्या घरात हा नियम त्या दिवसापासून लागू आहे.

कागद-पेन घेऊन बसल्यावर पहिली गोष्ट दिसली ती ही की, त्याला वकिलीला गणित लागत नाही हे खरं होतं. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला कुठल्याही शाखेचा विद्यार्थी जाऊ शकतो. क्लॅट परीक्षेत आकडेमोडीचा भाग असतो, पण तो दहावीच्या पातळीचा आणि साधारण दहा टक्के. म्हणजे मुलाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण गणित त्याच्या पाचातलं होतं. ते सोडायचं म्हणजे विषय बदलायचा, म्हणजे अकरावी पुन्हा, म्हणजे एक वर्ष. वकिलीला गणित लागत नाही, बारावी पास व्हायला मात्र लागतं. भिंतीवर बीम टेकलेला होता.

मग प्रश्न बदलला. ‘गणित सोडू का’ च्या जागी आला, ‘गणितात पास व्हायला नेमकं किती लागतं?’ बाबांनी कपाटातून अभ्यासक्रम काढायला लावला आणि वहीवर मांडलं. बारावीच्या गणिताचा लेखी पेपर ८० गुणांचा, २० गुण शाळेतले अंतर्गत. ८० पैकी कॅल्क्युलस एकटं ३५ गुणांचं. मुलाचा सगळा जीव त्यातच अडकलेला होता. उरलेले ४५ कुठून येतात? व्हेक्टर आणि थ्रीडी भूमिती १४, मेट्रिक्स-डिटर्मिनंट १०, रिलेशन-फंक्शन ८, प्रॉबेबिलिटी ८, लिनिअर प्रोग्रामिंग ५. पास व्हायला ३३ टक्के, म्हणजे लेखीत ८० पैकी साधारण २६. बाबा म्हणाले, ‘हे बघ, तू कॅल्क्युलसच्या दारात उभा राहून म्हणतोस की घरात शिरता येत नाही. मागचं दार उघडं आहे. तिथून शिर, मग आतून पुढचं दार उघडू.’

त्यांनी तेच केलं. मेट्रिक्सपासून सुरू केलं, मग लिनिअर प्रोग्रामिंग, मग व्हेक्टर. दसऱ्यापर्यंत मुलाच्या लक्षात आलं की आपण पास होणार. भीती गेल्यावर कॅल्क्युलसमधलं सोपं-सोपंही जमायला लागलं. बोर्डात गणितात ५८ आले. कुणी पेढे वाटावे असे ते गुण नाहीत, आम्ही वाटले. आज तो कायद्याचंच शिकतो आहे. नातेवाईक विचारतात, ‘मग त्या गणिताचा उपयोग काय झाला?’ उपयोग एवढाच की त्याचं वर्ष वाचलं. एक वर्ष ही लहान गोष्ट नाही. अठराव्या वर्षी तर अजिबात नाही.

मुलीची गोष्ट उलटी. तिचे पाच विषय होते इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि शारीरिक शिक्षण, आणि सहावा गणित. अकरावीत सगळेच म्हणतात तसं आम्हीही म्हटलं होतं की दोन्ही दारं उघडी राहू देत. अकरावीत तिला गणितात ८१ टक्के होते. बारावीत ती नीटची तयारी करायला भंवरकुआँच्या कोचिंगला जाऊ लागली, आणि ऑगस्टात गणिताच्या चाचणीत एकदम घसरण झाली. तिनं विषय सोडायचा म्हटलं, आणि या वेळी आजोबा उघड बोलले. ‘८१ टक्के मिळवणारी मुलगी गणित सोडते? मला पटत नाही.’

पण बाबा मास्तर आहेत. न पटलेली गोष्ट तपासल्याशिवाय ते सोडत नाहीत. एका रविवारी दुपारी त्यांनी नातीला तिची उत्तरपत्रिका घेऊन समोर बसवलं. कुठं चुकलं यापेक्षा कुठं सोडून दिलं ते बघितलं. जी गणितं केली होती ती बहुतेक बरोबर होती. मागची दोन पानं कोरी होती. गृहपाठाच्या वहीतही तसंच, सुरुवातीची चार उदाहरणं सोडवलेली आणि पुढं रिकामं. संध्याकाळी ते आम्हाला म्हणाले, ‘हिला गणित येत नाही असं नाही. हिला गणितासाठी वेळ नाही. ही दोन वेगळी दुखणी आहेत, औषधंही वेगळी.’

हे वाक्य आम्ही आज इथं मुद्दाम घेऊन आलो आहोत. मूल म्हणतं, ‘मला हा विषय सोडायचाय.’ त्या एका वाक्यामागं निदान चार वेगवेगळी दुखणी असू शकतात. एक, समजत नाही, कारण मागचा पाया कच्चा आहे. दोन, समजतं, पण वेळ पुरत नाही. तीन, विषयाशी भांडण नाही, शिकवणाऱ्याशी किंवा वर्गाशी आहे. चार, समजतंही आणि वेळही आहे, पण परीक्षेची भीती बसली आहे. पहिल्याला शिकवणी लागते आणि मागं जावं लागतं. तिसऱ्याला वर्ग किंवा कोचिंग बदलणं पुरतं. चौथ्याला धीर लागतो. विषय सोडणं हे खरं औषध फक्त दुसऱ्याचं आहे, आणि तेही विषय सहावा असेल तर. बाकी तिघांना विषय सोडायला लावलं तर दुखणं दुसऱ्या विषयात जाऊन बसतं.

मुलीचं दुखणं दुसरं होतं. मग वेळ मोजला. आठवड्याला शाळेतले गणिताचे तास, ट्यूशन, गृहपाठ मिळून नऊ तास होत होते. तेव्हापासून बोर्डापर्यंत साधारण बावीस आठवडे. सीबीएसईच्या बारावीच्या परीक्षा अलीकडे फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतात. बावीस नव्वे एकशे अठ्ठ्याण्णव. दोनशे तास धरा. नीटचा पेपर ७२० गुणांचा, त्यात बायोलॉजी ३६०, फिजिक्स १८०, केमिस्ट्री १८०. गणित शून्य. फिजिक्सच्या उदाहरणांत लागणारं गणित वेगळं, ते अकरावीचं बऱ्यापैकी पुरतं आणि तिला येत होतं.

आता वर काय टेकलंय ते बघितलं. गणित सोडलं तर काय बंद होतं? आम्ही यादीच केली. जेईई आणि इंजिनिअरिंग, बंद. आर्किटेक्चर, बंद, तिथं गणित लागतं. एनडीएची हवाई दल आणि नौदल शाखा, बंद, तिथं बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित लागतं. लष्कराच्या शाखेला बारावीची कुठलीही शाखा चालते, पण एनडीएच्या लेखी परीक्षेत गणिताचा ३०० गुणांचा पेपर सगळ्यांनाच असतो, तेव्हा तेही धरायचं. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्सला गणित लागतं, ते बंद. उघडं काय राहतं? एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद, पशुवैद्यक, बी.एस्सी. नर्सिंग, बायोलॉजीतलं बी.एस्सी. आणि फार्मसी. बी.फार्मला फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर गणित किंवा बायोलॉजी, दोन्हीतलं एक चालतं.

यादी मुलीपुढं ठेवली आणि विचारलं, ‘यातल्या बंद होणाऱ्या दारांपैकी एकाच्या तरी आत तुला जायचंय का?’ ती पटकन ‘नाही’ म्हणाली असती तर आम्ही दोन दिवस थांबलो असतो. तिनं यादी वाचली, आर्किटेक्चरवर बोट ठेवलं, थोडा वेळ विचार केला आणि मग म्हणाली, ‘आवडतं, पण नाही.’ तो विचार केलेला नकार होता. आम्हाला तेवढाच हवा होता.

आणि एक प्रश्न आम्ही तिला कागदावर लिहून द्यायला लावला: हे दोनशे तास कुठं जाणार? ज्या वेळेला पत्ता नसतो तो वेळ आठवडाभरात मोबाइलमध्ये राहायला जातो, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. तिनं लिहिलं, ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्सची उदाहरणं, बायोलॉजीची उजळणी आणि, शेवटी लहान अक्षरात, झोप. झोपेला आजोबांनी स्वतः मंजुरी दिली.

शाळेला लेखी अर्ज दिला, यादी जायच्या आधी. अर्जाची प्रत ठेवली, वर पोच घेतली. आम्ही सरकारी माणसं, पोच घेतल्याशिवाय झोप लागत नाही, पण ही सवय तुम्हीही लावून घ्या. बोर्डाचं प्रवेशपत्र येईल तेव्हा त्यावर विषय बरोबर आहेत ना हे पोचेच्या प्रतीशी ताडून बघा.

मुलीचा नीटचा निकाल सांगायला हवा, नाहीतर तुम्ही घरी जाऊन म्हणाल की यांनी शेवट लपवला. एमबीबीएसची जागा मिळाली नाही. गुण बरे होते, पुरेसे नव्हते. गणित ठेवलं असतं तर जागा मिळाली असती असं कुणी म्हणू शकणार नाही, आणि गणित सोडल्यामुळे मिळेल असंही आम्ही मानलं नव्हतं. तिनं बी.फार्म घेतलं, आणि ती मनापासून शिकते आहे. गंमत अशी की बी.फार्मच्या पहिल्या सत्रात ज्यांनी बारावीला गणित घेतलेलं नसतं त्यांना ‘रेमेडियल मॅथेमॅटिक्स’ असतं, आणि ज्यांनी बायोलॉजी घेतलेलं नसतं त्यांना ‘रेमेडियल बायोलॉजी’. म्हणजे सोडलेलं गणित वर्षाच्या आत दारात उभं! आजोबांचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता. तिनं त्यांच्याकडे मेट्रिक्स आणि डिफरन्शिएशन शिकून घेतलं, तेव्हा तिच्याकडे वेळ होता. तीच मुलगी, तोच विषय, वेळ वेगळी.

याचा अर्थ लक्षात घ्या. बारावीत सोडलेला विषय आयुष्यातून हद्दपार होत नाही. बंद झालेली काही दारं पुन्हा उघडतातही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, जिला आपण एनआयओएस म्हणतो, तिथं एखाद-दोन विषयांपुरताही प्रवेश घेऊन नंतर बारावीचा विषय देता येतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं की बारावीनंतर जादा विषय म्हणून बायोलॉजी दिलेला विद्यार्थीही नीटला बसू शकतो. ज्या मुलांनी बायोलॉजी सोडलं आणि विसाव्या वर्षी मन बदललं, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. पण पुन्हा उघडणाऱ्या दाराला वेळ आणि फी, दोन्ही लागतात. म्हणून ‘नंतर देऊ’ या भरवशावर भार घेणारी भिंत पाडू नका.

आता थोडं आपल्याबद्दल, म्हणजे आपल्या समाजाबद्दल. आपण होळकरांच्या काळापासून माळव्यात आहोत. कुणाचे पूर्वज दप्तरात, कुणाचे फौजेत, पुढच्या पिढ्या शाळांत, रेल्वेत, कापड मिलमध्ये, बँकेत. या सगळ्या नोकऱ्यांत हिशेबाला मान होता. त्यामुळे गणित म्हणजे हुशारी आणि गणित सोडलं म्हणजे पोर वाया, हे समीकरण आपल्या घरांत पक्कं बसलं आहे. कुठल्याही बारशा-लग्नात मावशी विचारते, ‘गणित ठेवलंय ना?’ मुलं हे ऐकतात. काही मुलं विषय सोडायला हवा तरी सोडत नाहीत, केवळ त्या मावशीला उत्तर द्यावं लागेल म्हणून. आणि काही मुलं, ज्यांनी ठेवायला हवा, ती मित्रानं सोडला म्हणून सोडतात. दोन्हीत निर्णय मुलाचा नसतो.

म्हणून आमची पद्धत अशी आहे, तुम्हाला पटली तर घ्या. एक संध्याकाळ ठरवा. मूल, आई-वडील आणि विषय समजणारं एक माणूस, एवढेच बसा. आजोबा, मावशी, शेजारचे काका यांना नंतर सांगा. विषय पाचातला की सहावा ते बघा. दुखणं चारांपैकी कुठलं ते ओळखा, त्यासाठी गुण बघू नका, उत्तरपत्रिका बघा. बंद होणाऱ्या दारांची यादी करा. वाचणारे तास मोजा आणि त्यांना पत्ता द्या. त्या वर्षीचं बोर्डाचं परिपत्रक शाळेतून मागून घ्या, मागच्या वर्षीच्या भावाच्या अनुभवावर जाऊ नका, नियम बदलत असतात. मग तारीख ठरवा. यादी जायच्या आठ दिवस आधीची. त्या तारखेपर्यंत मुलाला विचार करू द्या, आणि त्या दिवशी त्याच्या तोंडून उत्तर घ्या. उत्तर काहीही आलं तरी फेब्रुवारीपर्यंत पुन्हा तो विषय काढायचा नाही. ‘तेव्हा म्हटलं होतं ना’ हे वाक्य बारावीच्या घरात वर्षभर बंद ठेवा.

सहावा विषय न सोडणं हाही निर्णयच आहे, हे विसरू नका. ‘राहू दे, बघू’ म्हणून ठेवलेला विषय वर्षभर थोडा थोडा वेळ खातो आणि शेवटी बाकीच्या पाचांचे गुण ओढतो. आयआयटी, एनआयटीसारख्या ठिकाणी प्रवेशाला बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं सर्वसाधारण गटाला लागतं, तिथं मुख्य विषयांचा एकेक गुण मोजला जातो. ठेवायचा तर ठरवून ठेवा, त्यालाही आठवड्याचे तास द्या.

काही घरांत सहावा विषय मराठी असतो. सीबीएसईच्या यादीत मराठी आहे. आपल्यासारख्या गावांत सोडायची वेळ आली की पहिला नंबर तिचा लागतो. आम्ही त्या पालकांना दोष देत नाही, त्यांनाही तास मोजावेच लागतात. फक्त इतकंच म्हणतो, बाकीचे विषय सोडल्यावर शाळेबाहेर कुणी शिकवत नाही. मराठी सोडली तर ती शिकवायला आपण घरात बसलेलो आहोत. सोडली, तर रोजच्या जेवणाच्या ताटावर तिचा तास लावा, या मंडळाच्या वाचनालयातलं पुस्तक महिन्याला एक घरी न्या.

एक शेवटची आणि गंभीर गोष्ट. मूल जेवत नसेल, रात्र-रात्र झोपत नसेल, मित्रांशी बोलणं बंद केलं असेल, ‘माझ्यानं काहीच होणार नाही’ असं वारंवार म्हणत असेल, तर विषयाचा प्रश्न बाजूला ठेवा. तो विषयाचा प्रश्न राहिलेला नाही. डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा आहे, १४४१६ या नंबरवर चोवीस तास बोलता येतं, आपल्या भाषेतही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. भिंतीला तडा गेला की आपण इंजिनिअरला बोलावतोच ना.

मागच्या रांगेतल्या मुलांनो, तुमच्यासाठी एकच सांगणं. विषय सोडावासा वाटला तर घरी लवकर सांगा. जुलैत सांगितलं तर चार रस्ते असतात, ऑक्टोबरात एखादाच उरतो. आणि सांगताना ‘मला जमत नाही’ एवढंच सांगू नका. काय जमत नाही, किती वेळ लागतो, आणि सोडला तर त्या वेळेचं काय करणार, हे कागदावर लिहून आणा. कागद घेऊन आलेल्या मुलाला रागावणं आई-वडिलांना फार अवघड जातं, हा आमचा स्वतःचा अनुभव आहे.

शाळांच्या याद्या या दिवसांतच जातात. घरी बारावीचं मूल असेल तर उद्या सकाळी शाळेत फोन करून शेवटची तारीख विचारा, आणि विसर्जनाच्या आत ती कागद-पेनाची संध्याकाळ उरकून घ्या.

आमचं बोलणं संपलं. आरतीची वेळ झाली आहे, आणि बुंदीच्या लाडवांकडे मुलांचं केव्हापासून लक्ष आहे.

गणपती बाप्पा मोरया!